इहीन आमची गोर गो

"आते, लगनान तू गानी गाव नको. असा ठरलाय."

"कोनी ठरवला?"

"त्यांनी. पोरीच्या बापानं."

"मंग मी कय करू मांडवान? आयस्क्रीम वाटू?"

"मस्करी नको गो करू."

"मस्करी नको करू? आरं शतरू, मना लोकं मस्करीसाठीच बोलवतान! नुस्ता जेवाला कोन बोलवतं?"

बोलताना जिजाबाईचे हात थांबत नव्हते. परातीत उकडीचा गोळा, त्यावर पाण्याचा हात, थाप थाप थाप, की भाकरी आधी बशीएवढी आणि मग ताटाएवढी. जूचंद्रला चंडिकेच्या डोंगराखाली तिचं घर आहे, मागच्या पडवीत चूल. नायगावच्या बाजूला जे टॉवर उठले, तिथल्या माणसांना तांदळाच्या भाकरीची चटक लागली, पण थापता कोणाला येत नाही. म्हणून रोज चाळीस भाकऱ्या आणि रविवारी दुप्पट. नवरा मिठागरावर होता, आता घरी असतो आणि दोन्ही कानांनी बहिरा आहे. जिजाबाई म्हणते, म्हणून तर निभावलं.

भाकरी हा तिचा रोजचा उद्योग. लग्नसराईत ती धवलारीन. आगऱ्यांच्या लग्नात हळद दळण्यापासून नवरी घरात घेण्यापर्यंत प्रत्येक विधीला धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणारी बाई ती धवलारीन. भटजी एक लग्न आटोपून दुसऱ्याला पळतो. ही मात्र शेवटचं ताट उचलेपर्यंत बसून असते. धवले गावात आणखी दोघी म्हणतात. जिजाबाईचं नाव आहे ते शिव्यांसाठी. व्याही-विहिणी मांडवात आल्या की त्यांना गाण्यातून टोमणे हाणायचे, त्याला आमच्याकडे सरळ शिव्याच म्हणतात. चिंचोटी, कामण, पार चंद्रपाड्यापर्यंत तिला बोलावणी येतात. एका घरी तिनं विहिणीला फक्त तीन कडव्यांत सोडलं, तर विहीण रुसली होती. आमच्यात काय कमी होतं, म्हणे.

समोर बसलेला शत्रुघ्न तिच्या भावाचा मुलगा. भाऊ गेला, पण माहेर चालू आहे ते ह्याच्यामुळे. त्याच्या चिरागचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. मुलगी अश्लेषा, आचोळ्याची. तिचे वडील रमेशराव मूळचे पाटणकडचे, पंचवीस वर्षं इथं, चार वर्षांपूर्वी नव्या इमारतीत फ्लॅट घेतलेला. साखरपुड्यात जिजाबाईनं हौसेनं नऊ कडवी म्हटली आणि घोळ झाला.

"शतरू, मना येक सांग. नवातली कोनती लागली?"

"मना कय माईत? रंगावरना बोलली म्हनं तू इहिनीला. काली बोलली."

जिजाबाईचा हात परातीतच राहिला. "मी? रंगावरना?"

"तसा बोलतान ते."

"खोटा! रंगाला मी तोंड लावतच नाय."

हे मात्र खरं. शिव्यांनाही कायदा असतो आणि तो जिजाबाईनं थप्पड खाऊन शिकलेला. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, सासूच्या मागं बसून ती साथ करायची. कामणच्या एका लग्नात तिला सुचलं आणि ती सासूच्या आधी बोलून गेली, नवऱ्याच्या काकीवर, पाळणा हलत नाही म्हणून. यमक चांगलं जुळलं होतं. पण मांडव गप्प झाला. सासूनं तिथंच, सगळ्यांच्या देखत, कानाखाली दिली आणि त्या काकीच्या पाया पडायला लावलं. परत येताना बांधावरून चालता चालता सासूनं कायदा सांगितला. मेलेलं माणूस, रिकामी कूस, दुखणं आणि देवानं दिलेलं रंगरूप, ह्याला हात लावायचा नाही. पहिलं कडवं आपल्याच घरावर घालायचं. शेवटचं गोड म्हणायचं. आणि समोरच्यांनी उलट शिवी द्यायचीच. नाही सुचली तर नारळ देऊन हरायचं.

"उलट कोनी बोलला नाय तवाच मना वास आलता," जिजाबाई म्हणाली. "मी बसली वाट बघत. येक बाय तोंड उघरंल त शपत. आनि नारल पन नाय दिला."

"आते, आता लोकांचा डोका तसा नाय ऱ्हायला. लगेच लागतं. त्या मोबाईलवरच्या कॉमेडीवाल्यानं आगऱ्याची नक्कल केली, गल्यान सोन्याची साखली घालून, त आपलीच पोरं चौकीवर चालली होती."

"बघलाय मी तो. दोनदा बघला."

"मंग? राग नाय आला?"

"आला ना. 'मना' बोलला आनि फुरं 'गाडी' बोलला. मना बोलनारा मानूस गाडी बोलंल? गारी बोलंल. चोरायचीच व्हती त आक्खी चोरायची." तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "आनि आदी सोताच्या घराला दिली का त्यानं? नाय दिली. सुरवातच आमच्यावरना. मंग पोरं उठनारच. पन चौकीवर कनाला जायाचा? उलट दोन करवी घालायची."

शत्रुघ्नला कॉमेडीवाल्याचं काही पडलं नव्हतं. मुलाचं लग्न मोडू नये, एवढंच त्याला हवं होतं. आणि आत्याशिवाय लग्न लावायचं, तर बापाच्या फोटोसमोर उभं कसं राहायचं, हेही होतं. त्यानं मोबाईल काढून साखरपुड्याचा व्हिडिओ लावला. आत्यानं हात पुसले आणि भिंगाचा चष्मा लावला.

व्हिडिओत जिजाबाई जरीच्या साडीत, हॉलच्या मधोमध बसलेली. पहिलं कडवं आपल्या घरावर:

*आमचे घराला कुलूप नाय गो,*
*चोराला नेवाला कायच नाय गो.*

जूचंद्रकडचे हसले. मग व्याह्यावर:

*इवाय आमचा रेरा गो,*
*चिकलान लोलतो येरा गो.*

इथं मुलीकडचे हसले. नुसते हसले नाहीत, रमेशरावांनी स्वतः टाळी वाजवली. कोटाची बाही सारखी करून आजूबाजूला पाहिलंही.

"बग, इवायला कवरी आवरली!" जिजाबाई म्हणाली. "हा मानूस रागावंल?"

पुढं पातळ चहा, तोंडात मिठाईवाल्याचं नाव आणि हातात अर्धा पेढा, जावयाला दिलेली अंगठी बोटात जाईना, असं सगळं गेलं. कोणाचं काही वाकडं दिसेना. शेवटचं कडवं आलं, ते विहिणीला, लतिकाबाईंना. जिजाबाई उठून त्यांच्यासमोर गेली, हनुवटीला हात लावला आणि चाल लांबवून म्हणाली, इहीन आमची गोऽऽर गोऽऽ. दोनदा म्हणाली. आणि लतिकाबाईंचा चेहरा उतरला. स्पष्ट दिसलं. त्यांनी पदर सारखा केला आणि शेजारच्या जावेकडे न बघता खाली पाहिलं.

"थांबव! मागं ने." पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच. "आरं, हिच्यान कय लागाला हाय? ही त शिवीच नाय!"

दोघांनी चार वेळा पाहिलं. दोघंही जन्मापासून तीच बोली बोलणारे. त्यांना त्यात काहीच वेगळं ऐकू येईना.

"जाताव मी," जिजाबाई म्हणाली.

"कुठं?"

"आचोल्याला. इचारून येताव."

"आते, नको. वाकरा होईल."

"वाकरा झालाच हाय. मना कलला पायजे."

माफी मागायला जाणारी बाई ती नव्हे. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. शिवी दिल्यावर माणसानं हसावं आणि लाडानं बोलल्यावर रडावं, हे चाळीस वर्षांत झालं नव्हतं. सकाळच्या उरलेल्या पिठाच्या दहा भाकऱ्या तिनं घाईघाईनं थापल्या, फडक्यात बांधल्या आणि वसईफाट्यापर्यंत रिक्षा, तिथून बस, अशी दुपारी आचोळ्यात पोचली. लिफ्टवर कागद चिकटवलेला होता. तीन मजले चढून गेली.

दार अश्लेषानं उघडलं. "जिजाआजी?" म्हणाली आणि का कोण जाणे, घाबरली.

रमेशराव घरीच होते, सुट्टी काढून पत्रिका वाटत होते. त्यांनी नमस्कार केला, पण बसा म्हणायला वेळ घेतला. लतिकाबाईंनी चहा आणला. भाकऱ्यांचं फडकं टीपॉयवर तसंच राहिलं.

"इहीनबाय, मी भांडाला नाय आली," जिजाबाई म्हणाली. "माफी मागाला पन नाय आली. इचाराला आली. नव करवी बोलली, त्यातली कोनती लागली ता सांगा. मना झोप नाय."

"जाऊ द्या ना आत्याबाई. झालं ते झालं."

"नाय जावू देत. सांगा."

लतिकाबाईंनी रिकामा ट्रे बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "मी काळी आहे हे मला ठाऊक आहे. लग्नाआधी सोळा जण बघून गेले, तेव्हाच कळलं. पण भरल्या हॉलमध्ये, माझ्या जावांसमोर, हनुवटीला हात लावून 'विहीण आमची गोरी गं' म्हणायचं? तेही दोनदा? सरळ काळी म्हटलं असतं तरी चाललं असतं."

"गोरी? मी गोरी कवा बोलली?"

"म्हणून दाखवा मग तुम्हीच."

जिजाबाईनं म्हटलं. तीच चाल, तीच लांबण. इहीन आमची गोऽऽर गोऽऽ.

"हेच!"

"हाच! पन हिच्यान गोरी कुठं हाय? गोर हाय!"

"तेच म्हणतेय मी!"

"गोर! गोर म्हंजे..." जिजाबाईला शब्द सापडेना. पाण्याला पाणी सोडून दुसरं काय म्हणणार? तिनं बोट चहाच्या तळाशी घातलं, साखर उचलली आणि जिभेला लावली. "ह्या! ह्या कसा लागतं? गोर!"

स्वयंपाकघराच्या दारातून अश्लेषा हळूच म्हणाली, "आई, गोर म्हणजे गोड. त्यांच्याकडे ड चा र होतो."

लतिकाबाई वळल्या. "तुला माहीत होतं?"

"चार वर्षं चिरागशी बोलतेय मी. हो."

"आणि बावीस दिवस मी इथं तोंड पाडून बसलेय, तू सांगितलं नाहीस?"

अश्लेषानं वडिलांकडे पाहिलं आणि पुन्हा फरशीकडे. "तुझं सांगितलं असतं, तर पप्पांचं पण निघालं असतं."

"माझं काय?" रमेशराव म्हणाले. "माझं तर चांगलं होतं. व्याही आमचा रेरा! मी तर म्हटलं, बाईंनी चौकशी करून गाणं बांधलंय. आपल्या बिल्डिंगचा रेरा नंबर आहे, ते त्यांना कुठून कळलं?"

बेकायदा इमारतींनी गाजलेल्या आचोळ्यात राहणाऱ्याला चारचौघांत कोणी म्हटलं की ह्याची इमारत कागदोपत्री चोख आहे, तर छाती फुगतेच. त्यांची बावीस दिवस फुगलेली होती. ऑफिसात सांगून झालं होतं.

जिजाबाईनं लपवलं नाही. दिलेली शिवी नाकारणं तिच्या कायद्यात बसत नाही.

"रेरा म्हंजे रेरा," ती म्हणाली. "म्हशीचा नवरा."

मग लतिकाबाईंच्या घशातून काहीतरी निघालं, ते खोकल्यासारखं होतं, पण खोकला नव्हता. त्यांनी तोंडावर पदर धरला. "टाळी..." त्या म्हणाल्या. "टाळी वाजवली हो तुम्ही!" आणि मग त्यांना बोलताच येईना. बावीस दिवसांचं एकदम बाहेर पडत होतं.

रमेशराव मात्र उभे राहिले. "रेडा? मला रेडा? आणि चिखलात लोळतो?"

"येरा," अश्लेषा म्हणाली. "वेडा."

"तू गप्प बस! लतिका, हसतेस काय? तीस वर्षं कंपनीत 'ए घाट्या, ए घाट्या' ऐकतोय. माझं जाऊ दे, त्याचं मी कधी मनाला लावून घेतलं नाही. पण सोयऱ्यांनी सुद्धा?"

"नाही लावून घेतलं?" लतिकाबाईंनी डोळे पुसले. "तिथं हसता तुम्ही त्यांच्याबरोबर. आणि त्याच दिवशी घरी येऊन आमटीत मीठ नाही म्हणून ताट सरकवता. मीठ असतं हो त्यात."

रमेशराव बसले. कोणी त्यांना हे आधी सांगितलेलं नसावं.

जिजाबाई पुढं सरकली. तिला आता ह्या माणसाबद्दल कुतूहल वाटायला लागलं होतं. "इवाय, ते तुमाला घाटी बोलतान. मंग तुमी कय बोलता उलट?"

"काय बोलणार? ते सगळे एका बाजूला. चिडलो की म्हणतात, याला गंमत कळत नाही. फार लवकर लागतं याला."

"म्हंजे उलट बोलाची सोय नाय?"

"नाही."

"मंग कसली गंमत? ता त नुस्ता धोपाटना झाला." तिनं पदर खोचला. "आमचे मांडवान उलट बोलावाच लागतं. नाय बोलला त नारल. माजे सासूला येकदा पाली नाक्याची इहीन अशी बोलली की सासू दोन दिस जेवली नाय. पन नारल नाय दिला. तिसऱ्या दिवशी उलट करवा धारलाच, पोस्टकार्डावर."

"कोणाला बोलायचं? तुम्हाला?"

"मनाच. दुसऱ्या कोनाला? मी बोलली ना."

"पुरुष बोलतात?"

"नाय. बायकाच."

रमेशरावांनी लतिकाबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मी काही रेड्याच्या बाजूनं बोलणार नाही." आणि पुन्हा पदर तोंडाला.

पण त्यांचं डोकं चालायला लागलं होतं, हे जिजाबाईला दिसलं. गाणारीला गाणारी ओळखू येते. पाटणकडं रुखवत आलं की बायका गाणी म्हणत, आजी म्हणायची, थोडं आठवतं, असं त्या पुटपुटल्या. उठल्या, फडकं सोडलं, एक भाकरी हातात घेतली, दुमडून पाहिली. मग कमरेवर हात ठेवून, चाल नव्हे, उखाण्याच्या ठेक्यात:

"धवलारीण आली नटून-थटून,
भाकरी तिची जाड, दात गेले तुटून!"

अश्लेषा किंचाळली. रमेशरावांनी ह्या वेळी अर्थ नीट समजून टाळी वाजवली.

जिजाबाई हसली. हसायला हवंच होतं. कडवं कायद्यात होतं. रंग नाही, रूप नाही, हातानं केलेल्या गोष्टीवर. ठेकाही बरा होता. ती म्हणाली, "वा गो इहीनबाय!" पण तिची नजर भाकरीवर होती.

"गा तुम्ही लग्नात," रमेशराव दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले. "रेड्याच्या जागी मात्र काहीतरी..."

"बैल चालंल? पन यमक बदलावा लागंल."

त्यांनी विचार केला. खरंच केला, जिन्याच्या कठड्याला धरून. "नको. रेडाच ठेवा. निदान कळतोय तरी."

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली, तरी बाहेर लक्ष नव्हतं. घरी आली तेव्हा शत्रुघ्न पडवीत बसूनच होता.

"कय झाला, आते?"

"गाताव मी."

"खरा?" तो उठलाच. "देवी पावली! मंग तुजा तोंड असा का?"

"माजी भाकरी जार बोलली."

"कोन?"

"इहीन. दात तुटले बोलली."

"आते, मस्करी केली आसंल गो त्यांनी."

"मस्करीच केली. मना कलत नाय का मस्करी?" ती चुलीसमोर बसली. "पन लागली ना. कय करू?"

शत्रुघ्ननं तोंड फिरवलं. त्याला हसू येत होतं आणि जीवाची भीतीही होती.

"सकाली रागान थापल्या मी त्या," ती म्हणाली. "जारच झाल्या व्हत्या. खरा बोलली ती. खोटा बोलली असती त नसता लागला." मग स्वतःशीच, पण ऐकू येईल असं, "लागला आसंल त्या रेऱ्याला पन तसाच. चिकलान लोलत आसंल कवा गावाला."

"कय?"

"काय नाय. येक नारल आनून ठेव. लगनान लागंल."

"कोनाला? त्यांना?"

"बघू कोनाला लागतं." तिनं घड्याळाकडे पाहिलं. टॉवरच्या बी विंगला सातच्या आत पंधरा भाकऱ्या द्यायच्या होत्या. आधण उकळायला लागलं होतं. तिनं पीठ ओतलं, उलथन्याच्या दांड्यानं ढवळलं, झाकण ठेवलं. वाफ बसल्यावर उकड परातीत उपसली आणि गरम गरमच मळायला घेतली, बोटं पाण्यात बुडवत. पहिला गोळा नेहमीपेक्षा लहान तोडला. थाप थाप थाप. भाकरी वाढत गेली, कडा पातळ झाल्या, परातीचं पितळ खालून दिसायला लागलं, तरी ती थापतच होती.

"आते, फाटंल आता," शत्रुघ्न म्हणाला.

"तू गप ऱ्हा. लाकूर सार आत."

भाकरी फाटली. तिनं गोळा पुन्हा केला आणि थापायला बसली.